बायोगॅसचा मेम्ब्रेन प्लांट सुरू करताना: गॅस आत सोडायच्या आधी काय, सोडताना काय, नंतर काय

कच्च्या बायोगॅसमधला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) काढून मिथेन वाढवला की सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) करता येतो, ते काढायचं काम मेम्ब्रेन प्लांट करतो. तो ज्यांच्याकडे आहे त्यांचा फोन ठरलेलाच असतो. "भाऊ, मिथेन ८८ च्या वर जातच नाही, मेम्ब्रेन गेलं वाटतं, नवीन मागवू का?" दिंडोरी असो, निफाड असो नाहीतर सिन्नर, तिथं पोचून बघतो तर कधी फिल्टरचा ड्रेन बंद, कधी गॅस साफ करणारा कार्बन महिनाभरापूर्वीच संपलेला, कधी व्हेंटवरचा (गॅस हवेत सोडायच्या नळीवरचा) फ्लेम अरेस्टर, म्हणजे आग मागे येऊ न देणारी जाळी, चोंदलेला. मेम्ब्रेन हा या साखळीतला शेवटचा आणि सगळ्यात महागडा तुकडा, आणि आधीच्या प्रत्येकाची चूक तोच भोगतो. त्यामुळे खाली मेम्ब्रेनपेक्षा त्याच्या आधीच्या गोष्टींवरच जास्त लिहिलंय. क्रम मोडू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

सुरुवातीला एक गैरसमज काढून टाकू. मेम्ब्रेन म्हणजे चाळणी नाही. मॉड्यूलच्या आत केसासारख्या पोकळ धाग्यांचा जुडगा असतो, सीओटू, एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड, गंधकाचा विषारी वायू) आणि पाण्याची वाफ त्या धाग्याच्या भिंतीत विरघळून पटकन पलीकडे जातात, मिथेन फार हळू जातो म्हणून तो अलीकडेच राहतो. पलीकडे गेलेला तो पर्मिएट, अलीकडे उरलेला तो प्रॉडक्ट. गॅसला पलीकडे ढकलतो तो दोन्ही बाजूंच्या आंशिक दाबातला फरक, म्हणून तर आपण गॅस १० ते १६ बारला दाबून देतो. चाळणी नसल्यामुळे तिच्यात कचरा अडकून बसलाय, उलट हवा मारून साफ करू, हा विचारच चुकीचा आहे. एका ठिकाणी पर्मिएटच्या बाजूने इन्स्ट्रुमेंट एअर मारून तीन मॉड्यूल फोडलेली मी स्वतः बघितली आहेत.

टप्पा १: आपला गॅस नीट ओळखा

सप्लायरला "६० टक्के मिथेन, ४० टक्के सीओटू" असं सांगून मोकळं होऊ नका. कमीत कमी आठवडाभर, सकाळी, दुपारी आणि फीडिंग झाल्यावर, असे रोज तीन वेळा मिथेन, सीओटू, ऑक्सिजन आणि एचटूएस मोजा आणि वहीत लिहा. नाशिकला हे फार महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडे डाइजेस्टरमध्ये (माल कुजून गॅस होतो त्या टाकीत) जाणारा माल सीझनप्रमाणे बदलतो. साखर कारखान्यात रस साफ करायला सल्फिटेशन असेल तर त्याच्या प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात) गंधक जास्त, एचटूएस हजारांत जातो. लासलगाव, पिंपळगावकडून पावसाळ्यात सडलेला कांदा आला की गंधकाची आणखी वेगळी संयुगं येतात, ती एचटूएस धरणाऱ्या लोखंडाच्या मीडियाला फारशी जुमानत नाहीत. आणि द्राक्षाच्या सीझनला वाइनरीचा चोथा एकदम जास्त टाकला की डाइजेस्टर आंबतो, मिथेन खाली येतो, सीओटू वर जातो, आणि दोष कोणाला? मेम्ब्रेनला.

हवेचा हिशोब मात्र नीट समजून घ्या, इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. एचटूएस कमी करायला बरेच जण डाइजेस्टरच्या डोक्यावर थोडी हवा सोडतात. त्या हवेतला ऑक्सिजन बराचसा वापरला जातो पण नायट्रोजन तसाच राहतो आणि मेम्ब्रेन नायट्रोजन काढत नाही म्हटलं तरी चालेल, तो मिथेनबरोबर प्रॉडक्टमध्येच येतो. समजा १०० घनमीटर कच्च्या गॅसला ४ घनमीटर हवा दिली, म्हणजे साधारण ३.२ घनमीटर नायट्रोजन. सीओटू निघून गेल्यावर प्रॉडक्ट उरतो ६५ घनमीटरच्या आसपास आणि त्यात नायट्रोजन पावणेपाच-पाच टक्के झालेला असतो. वर ४ टक्के सीओटू धरला की मिथेन ९१ वर आला. भारतीय मानक आयएस १६०८७ प्रमाणे मिथेन कमीत कमी ९० टक्के, सीओटू जास्तीत जास्त ४, ऑक्सिजन ०.५ आणि सीओटू, नायट्रोजन, ऑक्सिजन तिन्ही मिळून १० टक्क्यांच्या आत पाहिजे. म्हणजे मार्जिन जवळजवळ संपलंच, आणि मेम्ब्रेन दुप्पट लावलं तरी हे सुधारत नाही.

तपासा: बलूनची (गॅस साठवायच्या पिशवीची) गळती, सक्शन लाइनचे फ्लँज, पाण्याचे सील. प्रॉडक्टमध्ये मिथेन आणि सीओटू मिळून ९७-९८ च्या खाली येत असेल तर आधी हवा कुठून शिरते ते शोधा.

आणखी एक, नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ६-७ टक्क्यांनी कमी. कॉम्प्रेसरची कॅपॅसिटी समुद्रसपाटीची धरून काढली असेल तर इथे तो तेवढाच गॅस कमी उचलणार. ऑर्डर देतानाच हे लिहून घ्या.

टप्पा २: एचटूएस आधी मोठ्या हाताने काढा, मग बारीक

मेम्ब्रेन एचटूएस काढतं ना, मग वेगळा खर्च कशाला, असं मला दर वेळी विचारतात. काढतं, पण तो जातो पर्मिएटमध्ये आणि तिथून व्हेंटने हवेत, तुमच्याच माणसांच्या डोक्यावर. शिवाय वाटेत कॉम्प्रेसर आणि पाइप खातो ते वेगळंच. त्यामुळे गॅस मेम्ब्रेनपर्यंत पोचताना एचटूएस जवळपास शून्य पाहिजे.

क्रम असा: आधी बायोलॉजिकल टॉवर, आयर्न चिलेट स्क्रबर (लोखंडाच्या द्रावणाने गॅस धुणारा) किंवा लोखंडाचा मीडिया, मग ॲक्टिव्हेटेड कार्बन. नुसत्या कार्बनवर भागवायचं म्हटलं तर हिशोब करून बघा. तासाला १०० घनमीटर गॅस आणि २००० पीपीएम (दहा लाख भागांत २०००) एचटूएस, म्हणजे दिवसाला ७ किलोच्या आसपास एचटूएस. कार्बनने स्वतःच्या वजनाच्या २० टक्के धरून ठेवला असं मानलं तरी रोज ३५ किलो कार्बन संपणार. आधी तो २०० पीपीएमवर आणला की हेच साडेतीन किलोवर येतं. इथे वाचवलेला स्क्रबर वर्षभरात कार्बनच्या बिलातून वसूल होतो.

कार्बनची दोन भांडी एकामागे एक लावा आणि दोघांच्या मध्ये सॅम्पल पॉइंट ठेवा. पहिल्यातून एचटूएस बाहेर यायला लागला की पहिलं बदलायचं आणि दुसऱ्याला पुढे आणायचं. दोन्ही समांतर लावली तर दोन्ही एकदमच संपतात आणि तुम्हाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. लेप दिलेल्या कार्बनला काम करायला थोडा ऑक्सिजन आणि थोडा ओलावा लागतो, ५० ते ८० टक्के आर्द्रता चांगली. थेंब नकोत, पण ठणठणीत कोरडा गॅसही नको. म्हणून कार्बन शेवटच्या ड्रायिंगच्या आधी येतो, नंतर नाही.

इशारा: वापरलेला लोखंडी मीडिया हवेत उघडा पडला की आपोआप तापतो, पेटतोही. भांडं उघडायच्या आधी नायट्रोजन फिरवा, मीडिया ओला ठेवा, एकट्याने उघडू नका. एचटूएसचा वास येत नाही म्हणून तो नाही असं समजू नका, १०० पीपीएमच्या आसपास नाकाची वास घ्यायची ताकदच मरते आणि माणसाला वाटतं गॅस गेला. अंगावर डिटेक्टर लावल्याशिवाय कोणीही तिकडे फिरकायचं नाही, मालकसुद्धा नाही.

नेहमीची चूक: एचटूएस प्रॉडक्टवर मोजणं. प्रॉडक्टला शून्य दिसतो कारण मेम्ब्रेनने तो पलीकडे ढकललेला असतो. मोजायचा तो मेम्ब्रेनच्या आधी, कार्बनच्या भांड्यांनंतर लगेच.

टप्पा ३: पाणी आणि तेल

इथे घाई केली की मेम्ब्रेन संपलं. कॉम्प्रेसरनंतर गॅस गरम आणि ओला असतो, तो चिलरमध्ये ३ ते ५ अंशांपर्यंत गार करायचा, सुटलेलं पाणी सेपरेटर आणि कोएलेसिंग फिल्टरमध्ये (बारीक थेंब एकत्र करून धरणाऱ्या) पकडायचं आणि मग गॅस परत गरम करायचा, ड्यू पॉइंटच्या (ज्या तापमानाला वाफेचं पाणी पडायला लागतं त्याच्या) निदान १५-२० अंश वर. ही परत गरम करायची पायरी लोक विजेच्या बिलाकडे बघून बंद करतात. चिलरमधून निघालेला गॅस ड्यू पॉइंटवरच असतो हो, अजून जरा गार झाला की पाणी पडलंच.

जानेवारीतली निफाडची पहाट आठवा, पारा चार-पाच अंशांवर येतो तेव्हाची. तिथल्याच एका प्लांटवर हीटर बंद होता आणि चिलर ते मेम्ब्रेन आठ मीटर पाइप उघडा, इन्सुलेशन नाही. दुपारी सगळं छान चालायचं आणि सकाळी सहाला मिथेन पडायचा. पोरांनी ॲनालायझर दोनदा बदलून पाहिला. शेवटी मी मेम्ब्रेनच्या तोंडापाशी खालच्या बाजूचा छोटा ड्रेन उघडला तर अर्धा पेला पाणी आलं, वर तेलाची इंद्रधनुषी साय. ते पाणी रोज पहाटे धाग्यांवर जात होतं.

तेल पाण्यापेक्षा वाईट. पाणी वेळेत थांबवलं तर मेम्ब्रेन पुष्कळदा सावरतं, तेल धाग्यावर बसलं की बसलं. स्क्रू कॉम्प्रेसर ऑइलचा असेल तर दोन कोएलेसिंग फिल्टर, शेवटचा ०.०१ मायक्रॉनचा, आणि त्यानंतर तेलाची वाफ धरायला कार्बनचा छोटा टॉवर, हे सगळं पाहिजेच. या टॉवरनंतर डस्ट फिल्टरही लावा, नाहीतर कार्बनची काळी भुकटीच आत जाते.

तपासा: मेम्ब्रेनच्या आधीच्या सॅम्पल व्हॉल्व्हवर स्वच्छ पांढरं सुती कापड धरून व्हॉल्व्ह हळू किलकिला करा आणि पाच मिनिटं गॅस त्यावर जाऊ द्या. आसपास ठिणगी नको, मोबाईल लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा. कापडावर पिवळट डाग, ओल किंवा काळी रेघ आली तर आज मेम्ब्रेन सुरू करायचं नाही.

नॅचरल गॅसच्या मोठ्या प्लांटवर काम केलेला माणूस तुमच्याकडे आला तर तो याहून जास्त गरम करायला सांगेल. त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. विहिरीच्या गॅसमध्ये जड हायड्रोकार्बन असतात, सीओटू निघून गेला की उरलेल्या गॅसचा ड्यू पॉइंट वर चढतो आणि दाब उतरल्यामुळे गॅस मॉड्यूलच्या आतच गारही होतो, दोन्ही मिळून आत लिक्विड पडतं. आपल्या बायोगॅसमध्ये जड हायड्रोकार्बन जवळपास नसतात. जास्त गरम केलं तर सीओटू वेगाने जातो खरा, पण मिथेनही त्याच्याबरोबर सुटतो. मेम्ब्रेन बनवणाऱ्याने दिलेली टेम्परेचरची पट्टी पाळा.

टप्पा ४: मॉड्यूल बसवायच्या आधी लाइन धुवून घ्या

पाइपिंगची हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाब देऊन बघायची) मॉड्यूल लावून कधीही करू नका. मॉड्यूलच्या जागी साधे स्पूल (पाइपचे तुकडे) टाका, टेस्ट करा, पाणी काढा, मग कोरडी हवा किंवा नायट्रोजन जोरात मारून वेल्डिंगची खपली, जॉइंटच्या आट्यांची टेप, कटिंग ऑइल सगळं बाहेर येऊ द्या. बाहेरच्या टोकाला तेच पांढरं कापड. ते स्वच्छ निघालं की मॉड्यूलचे बॉक्स फोडा, आधी नाही. बॉक्स उघडल्यावर टोप्या शेवटच्या मिनिटापर्यंत ठेवा, आपल्याकडे उन्हाळ्यात शेडमध्ये धूळ किती उडते माहीतच आहे.

बसवताना फीड (आत येणारा गॅस), प्रॉडक्ट, पर्मिएट ही तीन तोंडं बॉडीवरच्या खुणेशी जुळवून बघा. ओ-रिंगला ग्रीस मॅन्युअलमध्ये सांगितलं तेच लावा, हाताला येईल ते नाही. मग नायट्रोजनने प्रेशर घ्या आणि प्रत्येक जॉइंटला साबणपाणी.

टप्पा ५: गॅस सोडायचा क्रम

पहिलं, संपूर्ण स्किडमध्ये (एका सांगाड्यावर बसवलेल्या यंत्रणेत) फीडच्या बाजूने नायट्रोजन फिरवा, ऑक्सिजन एक टक्क्याच्या आत येईपर्यंत. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की पेट घेतो, त्यामुळे ही पायरी वगळायची मुभा कोणालाच नाही.

दुसरं, मेम्ब्रेन बायपासवर ठेवून कॉम्प्रेसर, चिलर, हीटर, कार्बन हे सगळं गॅसवर चालवा आणि गॅस फ्लेअरला (जाळून टाकायच्या नळीला) द्या. निदान चार-सहा तास. या वेळेत मेम्ब्रेनच्या आधीचा एचटूएस, टेम्परेचर, ड्यू पॉइंट लिहून काढा आणि कापडाची चाचणी परत करा.

तिसरं, पर्मिएटचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. हे आधी. पर्मिएट बंद ठेवून फीड सोडला की पलीकडे प्रेशर साठत जातं आणि पुढे फीड अचानक पडला तर धागे उलट दाबाने जातात. पर्मिएटचं प्रेशर कुठल्याही क्षणी फीडपेक्षा जास्त होता कामा नये.

चौथं, फीडचा व्हॉल्व्ह हळू. मॅन्युअलमधला वेग पाळा, मी स्वतः मिनिटाला एक बारच्या वर कधी जात नाही. बॉल व्हॉल्व्ह झटक्यात उघडणारा ऑपरेटर असेल तर त्याच्या आधी छोटी नीडल व्हॉल्व्हची बायपास लाइन देऊन टाका.

पाचवं, प्रेशर जागेवर आलं की प्रॉडक्टचा बॅक प्रेशर व्हॉल्व्ह हळूहळू सोडत फ्लो वाढवा. प्रॉडक्ट स्पेकमध्ये येईपर्यंत फ्लेअरला किंवा परत बलूनला. पहिला अर्धा तास आकडे नाचतात, टेम्परेचर स्थिर होईपर्यंत काही फिरवत बसू नका.

इशारा: पर्मिएट म्हणजे बहुतेक सगळा सीओटूच, हवेपेक्षा जड. व्हेंट शेडच्या छताच्या वर आणि खड्डे, नाल्या, पंपाच्या पिटपासून लांब. पिटमध्ये उतरायच्या आधी ऑक्सिजन मोजा.

टप्पा ६: सेटिंग करताना दोन आकडे बघा, एक नाही

सगळे बघतात तो प्रॉडक्टचा मिथेन. तो ९६ दिसला की खूश. पण तोच ९६ आणायचे दोन रस्ते आहेत आणि एकात तुमचा पैसा व्हेंटमधून जातो. तासाला १०० घनमीटर, ६० टक्के मिथेन धरा. एकाच स्टेजचं मेम्ब्रेन असेल आणि मिथेनची रिकव्हरी ९० टक्के असेल तर प्रॉडक्ट मिळतो ५६ घनमीटर आणि पर्मिएटमध्ये ६ घनमीटर मिथेन जातो, पर्मिएटचा जवळपास १४ टक्के. दिवसाला साधारण १०० किलो सीबीजी हवेत. वर मिथेन सीओटूपेक्षा शंभर वर्षांच्या हिशोबाने २८ पट तापवतो, म्हणजे शेणाचा गॅस करून आपण काय साधलं हा प्रश्नच आहे. तीन स्टेजच्या मांडणीत रिकव्हरी ९९ धरली तर प्रॉडक्ट ६२ घनमीटर आणि पर्मिएटमध्ये मिथेन दीड टक्का. तीन स्टेज म्हणजे पहिल्याचा प्रॉडक्ट दुसऱ्याला, पहिल्याचा पर्मिएट तिसऱ्याला, आणि दुसऱ्याचा पर्मिएट व तिसऱ्याचा प्रॉडक्ट परत कॉम्प्रेसरच्या सक्शनला.

म्हणून पर्मिएटच्या लाइनवर मिथेनचा सॅम्पल पॉइंट नसेल तर आजच मारून घ्या.

फिरवायचं कसं: प्रॉडक्टचा मिथेन कमी असेल तर प्रॉडक्ट फ्लो थोडा कमी करा किंवा प्रेशर अर्धा बार वाढवा. पर्मिएटमध्ये मिथेन जास्त जात असेल तर याच्या उलट, किंवा गॅस कमी असताना एखाददुसरं मॉड्यूल बंद ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वीस मिनिटं थांबा. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम फिरवले की कशाने काय झालं ते कोणालाच सांगता येत नाही.

टप्पा ७: बंद करताना

फीड हळू उतरवा, पर्मिएट उघडाच ठेवा, आणि प्रेशर उतरल्यावर कोरड्या नायट्रोजनने मॉड्यूल फिरवून घ्या. ओला, सीओटूचा गॅस आत कोंडून आठवडाभर प्लांट बंद ठेवायचा नाही, रात्री गारठ्यात आत पाणी सुटतं. लाइट गेल्यावर काय होतं हेही एकदा मुद्दाम करून बघा, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या स्थितीत पडतो ते. चिलर बंद पडला आणि कॉम्प्रेसर चालू राहिला तर गॅस मेम्ब्रेनला जाता कामा नये, हा इंटरलॉक बायपास करून ठेवलेला दिसला की मी पुढचं काम करत नाही.

मिथेन पडला तर या क्रमाने बघा

आधी ॲनालायझर, कॅलिब्रेशन गॅस लावून. मग कच्चा गॅस, त्यातच मिथेन पडला असेल तर डाइजेस्टरकडे जा. मग नायट्रोजन-ऑक्सिजन. मग फीडचं प्रेशर आणि टेम्परेचर. मग पर्मिएटचं प्रेशर, आणि इथे जरा थांबा: प्रॉडक्टच्या टोकाला सीओटू ४ टक्के आणि फीड १२ बार असेल तर तिथे सीओटूला ढकलणारा दाब फक्त अर्धा बार असतो. व्हेंट चोंदून पर्मिएटला थोडं जरी बॅक प्रेशर आलं तरी हा अर्धा बार खाऊन टाकतं. पर्मिएटला छोट्या रेंजचा गेज लावा, सोळा बारच्या गेजवर हे दिसणारच नाही.

एवढं सगळं बरोबर निघालं तरच मॉड्यूलकडे वळा. एकेका मॉड्यूलचा पर्मिएट वेगळा काढून मिथेन मोजा. बाकीच्यांपेक्षा एकाचाच खूप जास्त आला तर त्याचे धागे तुटलेत किंवा ओ-रिंग सुटली आहे, ते आयसोलेट करा, प्रॉडक्टचा मिथेन वर जातो का बघा, आणि आधी ओ-रिंग बदला. तरी तसंच राहिलं तर तेवढं एक मॉड्यूल मागवा. सगळ्याच मॉड्यूलचा फ्लो सारखाच कमी झाला असेल तर तेल गेलंय, मग नवीन मॉड्यूल मागवायच्या आधी तिसऱ्या टप्प्यावर परत जा आणि तेल कुठून आलं ते सापडेपर्यंत तिथेच राहा.